लंडनला एकच दिवस, घरातली सहा माणसं: काय बघायचं, काय सोडायचं

आधी प्रश्न काय आहे तो सांगतो. कोल्हापुरातलं सहा जणांचं कुटुंब जुलैमध्ये लेस्टरला पुतण्याच्या पदवीदान समारंभाला निघालं आहे. शुक्रवारी संध्याकाळी हीथ्रोला उतरायचं, शनिवार पूर्ण मोकळा, रविवारी सकाळी सेंट पँक्रसहून लेस्टरची गाडी. हॉटेल किंग्ज क्रॉसजवळ. बरोबर आई आहेत, गुडघे दुखतात. आप्पांना मधुमेह आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. शनिवारसाठी चौदा ठिकाणांची यादी पाठवली आहे आणि विचारलं आहे की ती कोणत्या क्रमाने करावी.

चौदा ठिकाणं कोणत्याच क्रमाने होणार नाहीत. चार होतील, पण ती नीट होतील. शहर मोठं आहे एवढ्यापुरतं हे नाही. दिवसाचा वेग तुमच्यातलं सर्वात सावकाश चालणारं माणूस ठरवणार, म्हणजे आई. त्यांना दर तासाला कुठे बसता येईल हे आधी ठरवा आणि त्यात बसतील तेवढीच ठिकाणं घ्या. खालचा बेत त्याच हिशेबाने मांडला आहे.

घड्याळापासून सुरुवात करू. जुलैमध्ये लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे शनिवारी पहाटे चारला सगळे टक्क जागे होणार, कारण घरी तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. आणि संध्याकाळी सहाला, बाहेर लख्ख ऊन असताना, मुलांच्या शरीरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. जुलैत सूर्य नऊच्या आसपास मावळतो. ‘उजेड आहे तोवर फिरू’ असं वाटतं आणि बेत तिथेच फसतो. सातच्या सुमारास धाकटी रडायला लागते, आई गप्प होतात आणि परतीचा प्रवास सगळ्यांनाच जड जातो. म्हणून जे महत्त्वाचं ते सकाळी, आणि सातपर्यंत जेवून हॉटेलवर. संध्याकाळच्या नाटकाची किंवा शोची तिकिटं या दिवशी काढू नका.

यादीतलं काय सोडायचं ते आता सांगून टाकतो. लंडन आयचा पाळणा १३५ मीटर उंच आहे आणि एक फेरी अर्ध्या तासाची असते, पण तपासणी आणि रांग धरून उन्हाळ्यातल्या शनिवारी दीड तास सहज जातो. उंचावरून शहर फुकट बघायची जागा पुढे सांगतो. मेणाचे पुतळे, हॅरॉड्स आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट तिन्ही सोडा. खरेदी लेस्टरला निवांत होईल. लॉर्ड्स मैदानाची टूर आगाऊ तिकिटावर असते आणि मोठ्या सामन्यांच्या दिवशी ती नसते. आप्पांचा फारच जीव असेल तर परतीच्या आधी वेगळी सकाळ काढा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तुम्ही वाघनखांसाठी लिहिलं आहे. ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आहेत. केवळ त्यांच्यासाठी साउथ केन्सिंग्टनला जाणार असाल तर जाऊ नका. म्युझियम उत्तम आहे, पण ते पुढच्या वेळी.

प्रवासाच्या पैशांचं निघण्यापूर्वी कोल्हापुरातच बघून घ्या, कारण मेट्रोच्या फाटकावर अडकणारी बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. मेट्रो आणि बस दोन्हीकडे कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं असतं आणि एका कार्डावर एकच माणूस जातो. बापाने कार्ड टेकवून मागच्या चौघांना आत घ्यायचं, असं होत नाही. तुम्हाला पाच वेगवेगळी कार्डं लागतील. धाकटी अकरा वर्षांच्या आतली, त्यामुळे मेट्रोत मोठ्यांबरोबर आणि बसमध्ये तिला तिकीट नाही. रुंद फाटकातून तिला हाताला धरून आपल्याबरोबर न्या. थोरल्यासाठी अर्ध्या भाड्याची सवलत ऑइस्टर या तिथल्या प्रवासाच्या कार्डावर घालून मिळते, पण एका दिवसात जे वाचेल त्यापेक्षा त्या कार्डाचीच किंमत जास्त. त्याला घरातलं एखादं जास्तीचं कार्ड द्या.

भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ अशी दोन वेगळी बटणं असतात. लोक पहिलं चालू करतात, दुसरं विसरतात आणि फाटक लाल दिवा दाखवतं. दोन्ही चालू करा, मर्यादा तपासा. रुपे कार्डावर विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं घ्या. फॉरेक्स कार्डही चालतं. आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आत फोन टेकवला आणि बाहेर कार्ड, तर यंत्र दोन वेगळे प्रवासी समजतं आणि दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लावतं. फोन आतून त्याच कार्डाला जोडलेला असला तरी. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं आणि पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे लागत नाहीत. दिवसाला एक कमाल मर्यादाही आहे. झोन १ आणि २, म्हणजे शहराच्या मधल्या भागासाठी ती २०२५ मध्ये माणशी ८.९० पौंड होती, त्यावर कितीही फिरा. दुकानात यंत्राने ‘रुपये की पौंड’ विचारलं तर नेहमी पौंड दाबा. रुपये निवडले की दर ते यंत्रवाले लावतात आणि तो महागच पडतो.

आता सामान. आईंच्या पायात कोल्हापुरी नको. टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याच्या आवारात दगडी फरसबंदी आहे, पावसाची एक सर आली की गुळगुळीत होते, आणि कातड्याचा तळ त्यावर सरळ घसरतो. कोल्हापुरी समारंभाला घाला, शनिवारी रबरी तळाचे, घोट्याला धरून ठेवणारे बूट हवेत, आणि तेही निघण्याआधी महिनाभर वापरून मऊ केलेले. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुरतो आणि थांबतो. छत्रीपेक्षा टोपीचं पातळ जर्किन बरं. नदीवर वारा असतो, आई-आप्पांना एक स्वेटर जुलैतही लागेल. दोन आठवडे आधी रंकाळ्याला एक पूर्ण फेरी मारून बघा, मध्ये बसत बसत चालेल. आईंना ती झेपली तर खालचा दिवस झेपेल. नाही झेपली तर पुढे सांगितलेली टेकडी त्यांच्यापुरती वगळा.

खाण्याचं. युरोपबाहेरून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तुपाचा डबा, सगळं घरी ठेवा. दशम्या दुधात मळतात, म्हणून त्या नकोत. धपाटे करा, पण पीठ दह्याशिवाय, पाण्यात मळा. भडंग उत्तम, मात्र कांदा न घालता. शेंगदाण्याची कोरडी चटणी चेक-इन बॅगेत टाका. तेलातली चटणी केबिन बॅगेत असली तर तपासणीत द्रव म्हणून काढून घेतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रिकाम्या बाटल्या बरोबर ठेवा आणि जिथे मिळेल तिथे भरा. आप्पांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि लंडनच्या घड्याळाप्रमाणे कधी काय घ्यायचं ते डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या. साडेचार तासांचा फरक घरच्या घरी बोटं मोजून लावू नका. त्यांच्या खिशात राजगिऱ्याचे दोन लाडू वेगळे ठेवा, पाठीवरच्या बॅगेत नको. रांगेत बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर असते आणि लाडू नेमका तेव्हाच लागतो.

सकाळी सव्वाआठला हॉटेल सोडा. किंग्ज क्रॉसहून सर्कल लाइनने टॉवर हिल, गाडी बदलायची नाही, दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. शनिवार असल्याने ऑफिसची गर्दी नसते, पण शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवायची तिथे पद्धत आहे. शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या ॲपमध्ये सर्कल लाइन तपासा. बंद असली तर नॉर्दर्न लाइनने लंडन ब्रिजला जा. तिथेही लिफ्ट आहे. पुढे नदीकाठाने आणि टॉवर ब्रिजवरून पलीकडे चालत जायचं, रस्ता मोठा सुंदर आहे. सरकत्या जिन्यावर सगळ्यांनी उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्या लोकांसाठी. आपली सवय घोळक्याने उभं राहायची, तेवढी तिथे मोडा.

आणि गाडीत चढताना दार बंद होऊन ताटातूट झाली तर काय करायचं, हे आदल्या रात्री मुलांकडून तोंडपाठ करून घ्या: जो गाडीत गेला त्याने पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी धरून तिथे यायचं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना शोधायला निघाले की तास जातो. हॉटेलचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवा. फोनची बॅटरी संपते.

टॉवर ऑफ लंडन शनिवारी नऊला उघडतो. तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा. मोठ्यांचं २०२५ मध्ये साधारण ३५ पौंड होतं, पासष्टच्या वरच्यांना सवलत, मुलांना अर्ध्याच्या आसपास. आत गेल्यावर पहिल्या बुरुजापाशी फोटो काढत रेंगाळू नका. सरळ वॉटर्लू बराक्समध्ये, राजघराण्याच्या रत्नांकडे जा. सव्वानऊला चालत आत जाता येतं, अकराला त्याच दाराशी लांब रांग असते. मुकुटांच्या पेटीजवळ तुम्ही चालायचं नसतंच, सरकता पट्टा तुम्हाला दोन्ही बाजूंनी पुढे नेतो. कोहिनूर आहे राणी एलिझाबेथ द क्वीन मदर यांच्या १९३७ च्या मुकुटात, समोरच्या क्रॉसमध्ये. १०५.६ कॅरटचा. पट्टा झरकन संपतो, म्हणून कोणता मुकुट ते मुलांना आधी चित्रात दाखवून ठेवा. नाहीतर ‘कुठे होता?’ म्हणत बाहेर येतात. पुन्हा बघायचं असेल तर मागे वळून पट्ट्यावर परत चढता येतं, गर्दी नसताना कुणी अडवत नाही. आत फोटो काढू देत नाहीत.

बाहेर आल्यावर टॉवर ग्रीनच्या बाकांवर आई-आप्पांना बसवा. समोर काळे डोमकावळे हिंडत असतात. ते उडून गेले तर राज्य जाईल असा समज, म्हणून त्यांना सरकारी इतमामाने पाळलं आहे. त्यांना खाऊ घालू देऊ नका, चोच जबर असते. तोवर एकाने मुलांना घेऊन व्हाइट टॉवर करावा. चिलखतं आणि शस्त्रं आहेत, पण गोल, अरुंद दगडी जिने भरपूर. आईंना तिथे नेऊ नका. गडद निळ्या-लाल पोशाखातले यीमन वॉर्डर, म्हणजे टॉवरचे पहारेकरी, फुकट माहिती देत फिरवतात, पण ते इंग्रजी भराभर असतं आणि उभं राहून ऐकावं लागतं. थोरल्याला हवं तर तो जाईल. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. पावणेबारापर्यंत बाहेर.

टॉवर ब्रिज धक्क्यावरूनच बघा, तो तिथूनच पूर्ण दिसतो. १८९४ साली सुरू झालेला हा पूल अजूनही वर्षाला सुमारे ८०० वेळा उघडतो आणि त्याच्या वेळा पुलाच्या संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात. तुमच्या शनिवारी साडेअकरा-बाराच्या आसपासची वेळ असली तर टॉवरमधून दहा मिनिटं आधी निघा. रस्ता मधोमध दुभंगून वर जाताना बघणं धाकटीला सगळ्या रत्नांपेक्षा जास्त आवडेल.

मग टॉवर पिअरवरून बोट, वेस्टमिन्स्टरपर्यंत. या दिवसाचा कणा हीच बोट आहे. अर्धा तास सगळे बसलेले, पाय मोकळे, आणि शहर आपणहून समोरून सरकतं. धक्क्यावर दोन-तीन कंपन्यांच्या बोटी लागतात, एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. रोजच्या प्रवाशांची थेम्स क्लिपर्सची बोट घ्या, ती वारंवार असते आणि आत स्वच्छतागृह आहे. तिचं भाडं मेट्रोच्या कमाल मर्यादेत धरत नाहीत. धाकटीला मेट्रोत तिकीट नाही, पण बोटीत पाच ते पंधरा वयाला अर्धं लागतं, आणि ते खिडकीवर किंवा ॲपवरच काढावं लागतं. कार्ड टेकवलं तर मोठ्यांचं भाडं कापलं जातं. वेस्टमिन्स्टरकडे जाताना उजव्या हाताला सेंट पॉल्सचा घुमट, डाव्या हाताला टेट मॉडर्न आणि लंडन आय. शेवटच्या वळणावर संसद उजवीकडे येते. तेव्हा सगळे त्या बाजूला धावतात, तुम्ही आधीच तिथे बसा.

वेस्टमिन्स्टरला उतरलात की बिग बेन डोक्यावरच. बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, वजन १३.७ टन, आणि ९६ मीटरच्या मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. रस्ता ओलांडून पार्लमेंट स्क्वेअरमध्ये या. गांधीजींचा पुतळा तिथे मार्च २०१५ मध्ये बसवला. त्याच चौकातून वेस्टमिन्स्टर ॲबी दिसतं. आत जायला वेळ नाही, पण मुलांना इथे दोन मिनिटं उभं करून एक सांगा. १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक या ॲबीत झाला, त्या निमित्ताने राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला आले होते. आणि ते इकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. दसरा चौकातला पुतळा रोज बघणाऱ्या मुलांना हे इथे सांगितलं की लक्षात राहतं.

दहा मिनिटं चाललं की सेंट जेम्स पार्क. धपाट्यांचा डबा इथे उघडा. बाक फुकट आहेत, हिरव्या घडीच्या खुर्च्यांना मात्र पैसे पडतात, त्यात नकळत बसू नका. तळ्यात पेलिकन आहेत. १६६४ साली रशियाच्या राजदूताने राजाला दिलेल्या पेलिकनांपासून ही परंपरा चालत आली आहे. तळ्यावरच्या पुलावरून बकिंगहॅम राजवाडा झाडांच्या मधून दिसतो. फाटकापर्यंत जाऊन लोखंडी गजांतून बघण्यापेक्षा हे दृश्य चांगलं. पहारा बदलण्याचा सोहळा सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असतो, शनिवारी नाही. ती रुखरुख ठेवू नका. पार्कच्या दुसऱ्या अंगाला, व्हाइटहॉलवर, हॉर्स गार्ड्सच्या दारात घोड्यावरचे पहारेकरी उभे असतात. मुलांना जवळून बघता येतात. लगामाला हात लावू द्यायचा नाही, घोडे चावतात, तशी पाटीच आहे.

इथे सव्वादोन-अडीच होतील आणि एक निवड करावी लागेल. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, पण शनिवारी पाचला बंद होतं, दारावर बॅगतपासणीची रांग असते आणि दालनं अफाट. दुपारी तीनला, शरीरात रात्रीचे साडेसात वाजलेले असताना, तिथे आईंचे पाय संपतील. माझं स्पष्ट मत: कोल्हापूरच्या माणसांनी त्याऐवजी आंबेडकर हाउसला जावं.

पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता ते स्मारक आणि संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालची माणगाव परिषद मार्च १९२० ची, शाहू महाराज तिथे होते, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला आले. त्या शिक्षणासाठी महाराजांनी पैशाची मदत केली. माणगाव तुमच्या घरापासून तासाभरावर, आणि हे घर त्याचंच पुढचं पान. निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ तपासा. मुळात राहतं घर होतं, त्यामुळे जिने आहेत. आईंनी तळमजला बघितला तरी चालेल. गल्ली शांत वस्तीची, बाहेर मोठ्याने बोलू नका.

जायला व्हाइटहॉलवरून हॅम्पस्टेडकडे जाणारी २४ नंबरची बस. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी मुलं आणि एक मोठा, आई-आप्पा खालीच, बस चालू असताना तो जिना चढणं धोक्याचं. ट्रॅफलगर स्क्वेअर, चेरिंग क्रॉस रोड, कॅम्डन, सगळं बसल्या जागी दिसतं. बस गर्दीत रखडली तरी हरकत नाही, तेवढाच आराम. चॉक फार्म रोडला उतरून सावकाश पंधरा मिनिटं चालायचं. आई थकल्या असतील तर इथे टॅक्सी करा. काही काळ्या टॅक्सी एका वेळी पाचच जण नेतात आणि तुम्ही सहा आहात, तशी मिळाली तर थोरला आणि वडील चालतील.

तिथून प्रिमरोज हिल जवळच. गवताळ टेकडी, उंची जेमतेम ६३ मीटर, आणि माथ्यावरून अख्खं मध्य लंडन समोर. लंडन आयची भरपाई इथे होते, एक पैसा न घालता. मुलं चढतील, आईंना पायथ्याच्या बाकावर बसवा.

साडेपाचला चॉक फार्म स्टेशन. नॉर्दर्न लाइनच्या गाड्या इथून दोन वाटांनी जातात, पण युस्टनला दोन्ही थांबतात, म्हणून येईल ती गाडी घ्या, आणि युस्टनला उतरा. स्टेशनच्या पश्चिमेला ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी खाणावळी ओळीने आहेत. सहाला गर्दी नसते, लगेच बसायला मिळतं, आप्पांची जेवणाची वेळ पाळली जाते. जेवून युस्टन रोडवर किंग्ज क्रॉसकडे जाणारी बस धरली की दोन-तीन थांब्यांवर हॉटेल.

जोराचा पाऊस लागून राहिला तर पार्क आणि टेकडी काढून टाका, पार्लमेंट स्क्वेअरहून थेट २४ नंबरची बस धरा आणि डबा हॉटेलवर खा. टॉवर, बोट आणि आंबेडकर हाउस तिन्हीकडे डोक्यावर छप्पर आहे. आणि आईंचा पाय दुपारीच बोलायला लागला तर वेस्टमिन्स्टरहून मागे फिरा: ज्युबिली लाइनने ग्रीन पार्क, तिथून व्हिक्टोरिया लाइनने किंग्ज क्रॉस. तिन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. एका मोठ्याने त्यांच्याबरोबर जावं, बाकीच्यांनी पुढे. हे असं होऊ शकतं आणि झालं तर कोण परत जाणार, हे शुक्रवारी रात्रीच ठरवून ठेवा.